विहिरी शेजारी शेजारी, पण प्रेशर वेगवेगळं: मधे बसलेला फॉल्ट नक्की करतो काय

एकाच फील्डमधल्या दोन तेलविहिरी घ्या, मधलं अंतर पाचशे मीटर, दोन्ही एकाच वाळूच्या थरात उतरवलेल्या. एकीतून तेल काढायला लागलं की दुसरीतलं प्रेशर पण हळूहळू पडायला पाहिजे, हे कोणालाही पटेल, आणि बऱ्याचदा पडतंच, दोन-चार दिवसांत गेजवर दिसायला लागतं. पण कधी कधी वर्ष जातं, दोन वर्षं जातात, इकडची विहीर धापा टाकायला लागते आणि शेजारीण आपली पहिल्या दिवशीच्या प्रेशरवर निवांत बसलेली. मग सगळे म्हणतात मधे फॉल्ट आहे, आणि बहुतेक वेळा तो असतो पण. पण तेवढ्याने काही सांगून होत नाही, कारण त्याच फील्डमधे दुसरा एखादा फॉल्ट असा असतो की त्याच्या अल्याडपल्याडच्या विहिरी एकमेकींचं तेल खुशाल ओढत असतात. एक अडवतो, दुसरा नाही अडवत, असं का, हे या लेखात बघू. थोडं गणित येईल, पण भागाकारापलीकडे काही नाही.

आधी दोन गोष्टी पटकन. तेल जमिनीखाली तळ्यासारखं साचलेलं नसतं, दगडाच्या कणांमधल्या बारीक फटींत असतं, चांगल्या सँडस्टोनमधे, म्हणजे वाळूच्या दगडात (तेलवाले त्यालाच नुसतं वाळू म्हणतात), दगडाच्या २० ते २५ टक्के जागा अशी मोकळी असते. ते तेल दगडातून किती सहज वाहतं त्याला परमिएबिलिटी म्हणतात आणि ती मिलिडार्सीमधे मोजतात. चांगली वाळू ५०० मिलिडार्सी, बरी वाळू ५०, आणि वाळूच्या वर-खाली जो शेल असतो, म्हणजे चिखल दाबून झालेला दगड, त्याची परमिएबिलिटी एका मिलिडार्सीच्या लाखाव्या हिश्शाहून पण कमी असू शकते. तर तेलवाल्यांसाठी जमिनीखालचा ढीग म्हणजे वाळू, शेल, वाळू, शेल. आणि फॉल्ट म्हणजे शाळेच्या भूगोलातला प्रस्तरभंग, थर मोडून एक बाजू दुसरीच्या मानाने खाली सरकते, किती सरकली त्याला थ्रो म्हणतात. थ्रो अर्धा मीटर असू शकतो, अर्धा किलोमीटर पण.

उदाहरण म्हणून मी कॅलिफोर्नियातलं विल्मिंग्टन फील्ड घेतो, कारण फॉल्टमुळे अख्ख्या फील्डचा कारभार कसा ठरतो ते इथे स्वच्छ दिसतं. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला लाँग बीच शहर आहे, त्याच्या बंदराखाली आणि समुद्राखाली हे फील्ड पसरलंय, साधारण १८ किलोमीटर लांब आणि पाचेक किलोमीटर रुंद. १९३२ साली सापडलं, आत्तापर्यंत अडीच अब्ज बॅरलच्या वर तेल निघालंय. (समुद्रातल्या विहिरींसाठी १९६५ च्या सुमाराला चार कृत्रिम बेटं बांधली, त्यांच्यावर ताडाची झाडं आणि खोटे धबधबे लावून ड्रिलिंग रिग झाकल्यात, आणि बेटांना मृत्युमुखी पडलेल्या अंतराळवीरांची नावं आहेत. किनाऱ्यावर बसलेल्या माणसाला वाटतं रिसॉर्ट आहे.) खाली थरांची एक लांबट घडी आहे आणि त्या घडीला आडवे छेद देत फॉल्ट गेलेत, त्यामुळे फील्डचे तुकडे पडलेत. या तुकड्यांना तिथे फॉल्ट ब्लॉक म्हणतात आणि नंबर देतात: फॉल्ट ब्लॉक एक, दोन, तीन, असं. वाळूचे झोन सगळीकडे तेच, टार, रेंजर, टर्मिनल वगैरे नावांचे, पण ब्लॉक बदलला की वागणूक बदलते. एका ब्लॉकमधला रेंजर झोन आणि शेजारच्या ब्लॉकमधला रेंजर झोन कागदावर एकच, पण धंद्याच्या हिशोबाने जवळजवळ दोन वेगळी फील्ड.

आता फॉल्ट अडवतो कसा. पहिलं कारण अगदी साधं आहे, समोर काय आलं. एका सोसायटीच्या दोन विंगा आहेत, प्रत्येक मजल्याचा कॉरिडॉर इकडून तिकडे सरळ जातो असं समजा, आणि एक विंग अर्ध्या मजल्याने खचली. आता दुसऱ्या मजल्याच्या कॉरिडॉरमधून चालत गेलात तर समोर अर्धी भिंत आणि अर्धं भगदाड. अजून खचली तर पूर्ण भिंत. आणि बरोबर एक मजला खचली तर कॉरिडॉर परत उघडा, फक्त तुम्ही दुसऱ्या मजल्यावरून थेट तिसऱ्यावर पोचाल. हेच थरांचं होतं.

आकडे घालून बघू. वरून खाली मोजायचं: पंधरा मीटर वाळू, तिला ए म्हणू, मग दहा मीटर शेल, मग पंधरा मीटर वाळू बी. थ्रो पाच मीटर असेल तर ए आणि ए यांच्यात अजून दहा मीटर भिडलेलं आहे, रस्ता अरुंद झाला पण आहे. थ्रो पंधरा मीटर झाला की ए चा ए शी संबंध संपला, खाली गेलेल्या ए समोर आता दहा मीटर शेल आणि त्याच्याखाली बी चा वरचा पाच मीटर भाग आहे. आणि थ्रो पंचवीस झाला की खाली गेलेली ए समोरच्या बी ला तंतोतंत भिडते. म्हणजे बघा, पंधरा मीटरच्या फॉल्टपेक्षा पंचवीस मीटरचा फॉल्ट जास्त उघडा असू शकतो. मोठा फॉल्ट म्हणजे पक्का अडसर असं जे लोक धरून चालतात ते इथेच चुकतात. शिवाय ए मधून काढणाऱ्या विहिरीला बी चं प्रेशर मिळायला लागतं, ते बऱ्याच लोकांच्या लक्षात येत नाही आणि मग हिशोबात तेल जास्त कुठून आलं यावर मीटिंगा होतात.

यात अजून एक गुंता. थ्रो फॉल्टच्या लांबीभर सारखा नसतो. मधोमध सगळ्यात जास्त, टोकांकडे कमी कमी होत शून्य. म्हणजे एकच फॉल्ट मधे बंद, थोडं पुढे गेलं की अर्धा उघडा, आणि टोकापलीकडे तर फॉल्टच नाही, तेलाला वळसा घालून जायला रस्ता मोकळा. दोन फॉल्ट एकमेकांना ओलांडून समांतर गेले असतील तर मधे थरांचा एक उतार शिल्लक राहतो, त्याला रिले रॅम्प म्हणतात, तो न तुटलेला असला तर दोन ब्लॉक त्यातून जोडलेले राहतात. नकाशावर मात्र घाईत काढणारा माणूस दोन फॉल्ट जोडून एक लांब रेघ ओढतो आणि रॅम्प गायब. नकाशावरची रेघ कोणी, कुठल्या डेटावरून ओढली हे विचारायची सवय पाहिजे, मला वाटतं या धंद्यात अर्धी भांडणं तिथेच मिटतील.

या समोरासमोरच्या मांडणीचं चित्र काढायची पद्धत अर्बन अ‍ॅलन यांनी १९८९ साली मांडली, फॉल्टच्या पृष्ठभागावर दोन्ही बाजूंचे थर एकावर एक रंगवायचे आणि वाळूवर वाळू कुठे येते ते बघायचं. आजही कुठल्याही फॉल्टच्या चर्चेची सुरुवात याच चित्राने होते.

पण वाळूसमोर वाळू आली म्हणजे काम झालं असं नाही. थर घसरताना मधला दगड दळला जातो. वाळूचे कण फुटून बारीक पीठ होतं, त्या पिठाने फटी भरतात. शेल मऊ असेल तर तो फॉल्टच्या बाजूने ओढला जाऊन लेप बसतो. खोल, गरम ठिकाणी, साधारण नव्वद अंश सेल्सियसच्या वर, क्वार्ट्झचं सिमेंट बसून उरल्यासुरल्या फटी पण बुजायला लागतात. म्हणजे दोन वाळूंच्या मधे फॉल्टच्या दगडाची एक पातळ पट्टी तयार होते, आणि सगळा खेळ त्या पट्टीचा.

पट्टीत चिकणमाती किती याचा अंदाज बांधायला एक सोपा हिशोब वापरतात, शेल गाउज रेशो, १९९७ साली यील्डिंग, फ्रीमन आणि नीडहॅम यांनी मांडलेला. फॉल्टवरचा एक बिंदू घ्यायचा, त्याच्यासमोरून किती जाडीचे थर घसरून गेले ते बघायचं, म्हणजे थ्रो एवढे, आणि त्यात शेल किती. थ्रो ४० मीटर, त्यात शेल १२ मीटर, तर बाराला चाळीसने भागा, ३० टक्के. साधारण १५ ते २० टक्क्यांच्या वर गेलं की फॉल्ट अडवायला लागतो असा अनुभव आहे, त्याच्या खाली बहुतेक गळतो. हा अंगठेनियम आहे, देवाज्ञा नाही. एका बेसिनमधला, म्हणजे गाळाच्या थरांच्या एका खोऱ्यातला, आकडा दुसऱ्या बेसिनला तसाच लावणारे लोक असतात आणि त्यांचे प्रोजेक्ट नंतर कसे जातात ते तुम्ही विचारू नका.

ती पट्टी किती जाड? ढोबळमानाने थ्रोच्या शंभराव्या हिश्शाएवढी धरतात, प्रत्यक्षात त्याच्या दहापट किंवा दहावा भाग पण निघते. म्हणजे ५० मीटर थ्रोला अर्धा मीटर. अर्धा मीटर पट्टीने पाचशे मीटर अंतरावरच्या विहिरींना काय फरक पडणार, असं वाटतं ना? करून बघू. वाहण्याला होणारा अडथळा म्हणजे अंतर भागिले परमिएबिलिटी. वाळू पाचशे मीटर, पाचशे मिलिडार्सी, अडथळा एक. पट्टी अर्धा मीटर, समजा अर्धा मिलिडार्सी, अडथळा तोही एक. म्हणजे अर्ध्या मीटरच्या पट्टीने पाचशे मीटर वाळूएवढाच अडथळा केला, प्रवाह निम्मा झाला. आता पट्टीची परमिएबिलिटी ०.०१ मिलिडार्सी धरा, चिकणमाती जास्त असेल तर हे अगदी शक्य आहे. अडथळा पन्नास. एकूण एक्कावन्न. जिथे एक्कावन्न बॅरल यायचे तिथे एक बॅरल येणार. फॉल्ट बंद नाही, गळका आहे, पण विहिरीवर बसलेल्या माणसासाठी बंदच.

हा मुद्दा पुढे फार महत्त्वाचा आहे, कारण इथून सगळ्यात महागडा गैरसमज सुरू होतो.

फील्डमधे नवीन विहिरी घेताना बघतात की तेल संपून पाणी कुठल्या खोलीवर सुरू होतं. फॉल्टच्या दोन्ही बाजूंना ती खोली सारखी निघाली, सुरुवातीचं प्रेशर पण एकाच रेषेवर बसलं, की लोक म्हणतात चला, दोन्ही ब्लॉक जोडलेले आहेत, एकाच विहिरीने दोन्हीकडचं तेल येईल, दुसरी विहीर वाचली. आणि मग उत्पादन सुरू झाल्यावर दुसरा ब्लॉक जागचा हलत नाही. का? कारण तेल त्या थरांत येऊन लाखो वर्षं झालीत. एक्कावन्नातला एक बॅरल जरी पलीकडे जात असला तरी लाखो वर्षांत दोन्ही बाजू समसमान व्हायला तो पुरेसा आहे. फील्डचं आयुष्य मात्र वीस-तीस वर्षं. निसर्गाला जो फॉल्ट उघडा होता तो आपल्याला बंद आहे. उलटं मात्र जास्त भरवशाचं: दोन बाजूंना तेल-पाण्याची पातळी वेगळी असेल तर बहुतेक वेळा मधे काहीतरी खरंच अडवणारं आहे. म्हणजे फरक दिसला तर तो पुरावा म्हणून चालतो, सारखेपणा दिसला तर तो पुरावा म्हणून चालत नाही. हे एकतर्फी लॉजिक डोक्यात पक्कं बसायला वेळ लागतो.

दुसऱ्या बाजूने पण एक गंमत आहे. पट्टीतल्या फटी पाण्याने ओल्या असतात आणि तेलाच्या थेंबाला त्या अरुंद तोंडातून घुसायला एक ठराविक जोर लागतो, तो नसेल तर तेल अडकून राहतं, कितीही लाख वर्षं जाऊ देत. हा जोर येतो तेल पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे. शंभर मीटर उंचीचा तेलाचा साठा असेल आणि घनतेत फरक ०.२ असेल तर जोर होतो जेमतेम २८ पीएसआय (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावर किती पौंड दाब). आणि आपण एका बाजूने पंप लावून उत्पादन करतो तेव्हा फॉल्टच्या दोन बाजूंत फरक पडतो हजार पीएसआयचा. अठ्ठावीस अडवणारा फॉल्ट हजार अडवेल याची काय गॅरंटी? काही फील्डमधे पहिली काही वर्षं शांत असलेला फॉल्ट नंतर झिरपायला लागतो, शेजारच्या ब्लॉकचं प्रेशर अचानक पडायला लागतं, आणि त्याचं कारण बऱ्याचदा हे असतं.

बरं मग तपासायचं कसं. सगळ्यात आधी सीस्मिक, म्हणजे जमिनीत ध्वनिलहरी सोडून परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून चित्र काढायचं. पण त्याची नजर अधू आहे. दगडात लहरीचा वेग सेकंदाला ३००० मीटर, फ्रिक्वेन्सी ३० हर्ट्झ, तर लहरीची लांबी १०० मीटर, आणि तिच्या चौथ्या हिश्शापेक्षा बारीक गोष्ट नीट वेगळी दिसत नाही, म्हणजे पंचवीस मीटर. डेटा चांगला असेल तर दहा-पंधरा मीटरचा थ्रो पण पकडतात. पण वाळूच दहा मीटर जाड असेल आणि फॉल्टचा थ्रो बारा मीटर, तर वाळू पूर्ण तुटलेली असून चित्रात थर अखंड दिसू शकतो. म्हणून "सीस्मिकमधे फॉल्ट नाही" हे वाक्य ऐकलं की पुढचा प्रश्न वाळू किती जाड आहे हा पाहिजे.

खरा निकाल प्रेशर देतं. इंटरफिअरन्स टेस्ट म्हणतात तिला: एक विहीर बंद ठेवायची, तळाशी क्वार्ट्झ गेज सोडायचा जो एका पीएसआयच्या शंभराव्या हिश्शाएवढा बदल टिपतो, आणि शेजारची विहीर चालू-बंद करायची. मग वाट बघायची. किती? पाचशे मीटर अंतर, १०० मिलिडार्सी वाळू, तेल पातळ असेल, तर साध्या हिशोबाने साधारण दोन दिवसांत बदल ठळक दिसायला पाहिजे. अंतर दुप्पट केलं तर वेळ चौपट, आठ-नऊ दिवस. तेल दहापट घट्ट असेल तर वेळ दहापट, म्हणजे विल्मिंग्टनच्या टार झोनसारख्या जाड तेलात अशी टेस्ट म्हणजे संयमाची परीक्षाच. आणि टेस्ट फेल होण्याचं नंबर एक कारण फॉल्ट नसतो, मॅनेजमेंट असतं, विहीर बंद म्हणजे उत्पादन बंद, तीन दिवसांनी फोन येतो की चालू करा आता बस झालं. मग रिपोर्टमधे लिहितात "संपर्क आढळला नाही". अहो, आढळायला वेळच दिला नाही.

एकाच विहिरीवर पण फॉल्ट पकडता येतो, शेजारीण नसली तरी. विहीर चालू केली की प्रेशरची घट चहूकडे पसरत जाते. एका बाजूला बंद फॉल्ट असेल तर घट तिथे पोचते आणि पुढे जायला जागा नाही, तेल फक्त अर्ध्या बाजूने मिळतंय, म्हणून प्रेशर पडायचा वेग वाढतो. वेळेच्या लॉग स्केलवर ग्राफ काढला तर सरळ रेषेचा उतार बरोबर दुप्पट होतो. उतार कधी बदलला त्यावरून फॉल्ट किती लांब ते पण काढता येतं, कुठल्या दिशेला ते मात्र नाही, त्याला नकाशा लागतो. उतार दुप्पट न होता थोडाच वाढून परत खाली आला तर फॉल्ट गळका आहे. मला स्वतःला हा ग्राफ फार आवडतो, तीन किलोमीटर खाली जिथे कोणी कधी जाणार नाही तिथली भिंत एका रेषेच्या कोनातून कळते.

तिसरा मार्ग, चालू फील्डमधे नवी विहीर खणली की वाळूला टूल टेकवून थराथराचं प्रेशर मोजायचं. शेजारी दहा वर्षं उत्पादन चालू असताना नव्या विहिरीत मूळचंच प्रेशर सापडलं तर तो ब्लॉक अस्पर्श आहे, तेल जागच्या जागी, जल्लोष करा. प्रेशर पडलेलं सापडलं तर कोणीतरी आधीच तिथून ओढतंय. आणि प्रेशर काही थरांत पडलेलं, काहींत नाही असं निघालं, जे सगळ्यात जास्त वेळा होतं, तर मगाचं ते समोरासमोरचं चित्र काढून बसायचं.

नॉर्थ सीमधलं नॉर्वेचं गुलफॅक्स फील्ड यासाठी प्रसिद्ध आहे. १९७८ ला सापडलं, १९८६ च्या शेवटी उत्पादन सुरू झालं. तिथले थर एकामागोमाग एक कललेल्या ब्लॉकमधे तुटलेत, फॉल्टच फॉल्ट. तिथे १९८५ साली, म्हणजे उत्पादनाच्या आधी, सीस्मिक सर्व्हे झालेला होता, नव्वदच्या दशकात त्याच जागी परत सर्व्हे केले आणि दोन चित्रांची वजाबाकी केली. जिथे तेल जाऊन पाणी आलं तिथे फरक दिसतो, जिथे काही हललं नाही तिथे दिसत नाही. फॉल्टमागे राहून गेलेल्या तेलाचे कप्पे असे सापडले आणि तिथे नव्या विहिरी घेतल्या. आता हे सगळीकडे करतात, पण त्या काळात हे धाडस होतं.

आत्तापर्यंत सगळं वाळू आणि शेलबद्दल झालं. चुनखडीत मामला उलटू शकतो. चुनखडी ठिसूळ, फॉल्टच्या आजूबाजूला ती तडकते, आणि तडे उघडे राहिले तर फॉल्ट अडवायच्या ऐवजी हायवे होतो. ड्रिलिंग करताना विहिरीत फिरवायचा चिखल (ड्रिलिंग मड) गायब व्हायला लागतो, आणि नंतर खालचं पाणी त्या तड्यांतून सरळ विहिरीत चढतं. आपलं मुंबई हाय चुनखडीचंच आहे, मुंबईपासून साधारण १६० किलोमीटर समुद्रात, १९७४ साली सागर सम्राट या ड्रिलिंग रिगने शोधलेलं आणि १९७६ पासून उत्पादनात. तिथला मुख्य साठा एल-थ्री नावाच्या चुनखडीत आहे, पातळ शेलच्या थरांनी मधे मधे विभागलेला. आणि त्याचे नॉर्थ आणि साउथ असे जे दोन भाग करतात ते वेगळे पडलेत ते मधल्या शेलने भरलेल्या एका जुन्या चॅनेलमुळे. म्हणजे दोन विहिरी एकमेकींशी बोलत नाहीत म्हटलं की लगेच फॉल्टवर बिल फाडू नये, थर जमा होतानाच मधे चिखलाचा पट्टा बसलेला असू शकतो.

उभ्या दिशेने गळणारा फॉल्ट तर अजून वेगळी डोकेदुखी. २८ जानेवारी १९६९ ला कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या समुद्रात प्लॅटफॉर्म ए वरच्या एका विहिरीत खालून गॅसचा जोर आला, विहिरीचं तोंड बंद केलं, पण विहिरीला वरच्या भागात केसिंग, म्हणजे आतून बसवलेला पोलादी पाइप, नेहमीपेक्षा कमी खोलीपर्यंत होतं. बंद केलेला जोर बाजूच्या दगडात घुसला आणि फॉल्ट आणि भेगांमधून थेट समुद्रतळावर तेल उकळायला लागलं. सुमारे ८० हजार ते १ लाख बॅरल तेल समुद्रात गेलं असा अंदाज आहे. विहीर बंद होती, फॉल्ट चालू होता.

आणि पाणी ढकलताना तर फॉल्टकडे दुप्पट लक्ष लागतं. विल्मिंग्टनला परत जाऊ. तिथे इतकं तेल काढलं की वरची जमीन खचत गेली, सगळ्यात वाईट जागी जवळजवळ नऊ मीटर, बंदर, नौदलाची गोदी, सगळं समुद्रपातळीखाली जायला लागलं, बांध घालून पाणी अडवावं लागलं. उपाय म्हणजे थरांत समुद्राचं पाणी ढकलून प्रेशर परत भरायचं. पण फील्डवर मालक शेकडो, आणि एकाने ढकललेल्या पाण्याने दुसऱ्याचं तेल तिसऱ्याकडे गेलं तर? १९५८ साली कॅलिफोर्नियाने खास कायदा करून सगळ्यांना एकत्र आणलं आणि मग जी युनिटं बनली ती फॉल्ट ब्लॉकप्रमाणे बनली, ब्लॉक दोनचं युनिट, तीनचं युनिट, असं. कारण फॉल्ट अडवतात हे तोपर्यंत वीस वर्षांच्या प्रेशरवरून माहीत झालेलं होतं, एका ब्लॉकमधे ढकललेलं पाणी बऱ्यापैकी त्याच ब्लॉकमधे राहणार. कोर्टाच्या कागदावर मालकीची हद्द आणि जमिनीखालची हद्द एकमेकांशी जुळवून घेतली, असं क्वचितच होतं. साठच्या दशकात खचणं थांबलं.

तिथून जवळच इंगलवूड फील्ड आहे, त्याची गोष्ट वाईट. तिथेही पन्नासच्या दशकात पाणी ढकलायला सुरुवात केली, आणि त्या फील्डच्या कडेला, तिथल्याच फॉल्टवर बाल्डविन हिल्सचा पाणीसाठ्याचा तलाव होता. १४ डिसेंबर १९६३ ला तलावाच्या तळात फॉल्टच्या रेषेवर भेग पडली, बांध फुटला, पाच माणसं गेली, शेकडो घरांचं नुकसान झालं. १९७१ साली हॅमिल्टन आणि मीहन यांनी मांडलं की ढकललेल्या पाण्याच्या प्रेशरने फॉल्ट सरकला. काहींनी जमीन खचण्यालाच जास्त दोष दिला. यामागचं तत्त्व आपल्याकडे कोयनेला सगळ्यांना माहीत आहे, फॉल्टच्या फटीत पाण्याचं प्रेशर वाढलं की दोन बाजूंना एकमेकांवर दाबून धरणारा जोर कमी होतो आणि आधीच ताणलेला फॉल्ट सुटतो. १९६७ चा कोयनेचा भूकंप धरण भरल्यानंतरचाच. तर फॉल्टपलीकडच्या विहिरीला प्रेशर पोचवायचं म्हणून इकडे जोर वाढवत जाणं हा मार्ग एका मर्यादेपर्यंतच ठीक आहे.

हद्दीवरून आठवलं, भारतातला सगळ्यात मोठा "शेजारच्या विहिरी जोडलेल्या आहेत का" हा वाद फॉल्टचा नव्हता, पण प्रश्न तोच. कृष्णा-गोदावरीच्या खोल समुद्रात ओएनजीसी आणि रिलायन्सचे ब्लॉक शेजारी शेजारी (इथे ब्लॉक म्हणजे सरकारने वाटून दिलेला भाग, फॉल्ट ब्लॉक नाही). २०१३ मधे ओएनजीसीने म्हटलं की आमचा गॅस तिकडे जातोय. २०१५ साली डीगोल्यर अँड मॅकनॉटन या कंपनीने रिपोर्ट दिला की साठे जोडलेले आहेत आणि सुमारे ११ अब्ज घनमीटर गॅस हद्द ओलांडून गेला. सरकारने १.५५ अब्ज डॉलर मागितले, २०१८ मधे लवादाने रिलायन्सच्या बाजूने निकाल दिला, आणि फेब्रुवारी २०२५ मधे दिल्ली हायकोर्टाच्या खंडपीठाने तो लवादाचा निवाडा रद्द केला. ब्लॉकची हद्द म्हणजे नकाशावर पट्टीने मारलेली रेघ, तिथे जमिनीखाली ना फॉल्ट ना भिंत, गॅसला ती दिसणार कशी?

शेवटी हे सगळं कॉम्प्युटर मॉडेलमधे जातं. तिथे प्रत्येक फॉल्टला शून्य ते एकमधला एक आकडा देतात, शून्य म्हणजे बंद, एक म्हणजे जणू फॉल्ट नाहीच. मगाच्या आपल्या उदाहरणातला आकडा अंतराप्रमाणे ठरेल, दोन विहिरींमधलं सगळं अंतर एकच खण धरलं तर एक्कावन्नात एक, म्हणजे ०.०२. हा आकडा पट्टीची जाडी, चिकणमाती, परमिएबिलिटी यांवरून काढायचा असतो. प्रत्यक्षात काय होतं, की मॉडेलचं प्रेशर खऱ्या विहिरीशी जुळत नाही आणि डेडलाइन उद्या असते, तर सगळ्यात सोपं म्हणजे फॉल्टचा आकडा फिरवायचा. ०.०२ चा ०.३ केला, जुळलं, घरी चला. पण कदाचित फॉल्ट बंदच होता आणि प्रेशर रिले रॅम्पमधून वळसा घालून येत होतं, किंवा ए ला बी कडून मिळत होतं. दोन्ही मॉडेलांचा मागचा ग्राफ सारखाच जुळतो, पण पुढची विहीर कुठे घ्यायची याचं उत्तर दोघांचं वेगळं येतं. समुद्रात एका विहिरीला कोट्यवधी डॉलर लागतात. म्हणून असं जुळलेलं मॉडेल कोणी समोर ठेवलं तर त्याला एवढंच विचारा की फॉल्टचे आकडे सुरुवातीला काय होते, आता काय आहेत, आणि कुठल्या विहिरीच्या प्रेशरमुळे बदलले.